साडेसातीची तबकडी

कुठल्याही आवडत्या गोष्टीकडे फार जवळून पाहू नये, असं माझं अनुभवांती बनलेलं मत आहे. आवडत्या हॉटेलच्या भटारखान्यात डोकावू नये, आवडत्या लेखकाच्या घरी सकाळी सात वाजता जाऊ नये आणि आवडत्या गवयाच्या मैफलीत पहिल्या रांगेत बसू नये. मी एकदा बसलो होतो. नेमका तार षड्ज लागला आणि मला बुवांची अक्कलदाढ दिसली. तेव्हापासून तो राग ऐकला की मला दातांचा डॉक्टर आठवतो.

हे मत मी आमच्या शेजारच्या प्राध्यापकांना अनेकदा ऐकवलेलं आहे. परंतु प्राध्यापक पदार्थविज्ञानाचे. त्यांचा सगळा संसारच जवळून पाहण्यावर उभा. एके दिवशी ते आले, चहा घेतला आणि म्हणाले,

"तुम्ही इतकी वर्षं गाण्यांवर परीक्षणं लिहिताय. गाणं कधी पाहिलंय का?"

"गाणं ऐकतात," मी म्हटलं.

"तेच तुमचं चुकतं. एका ओळखीच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहे. आपण त्याखाली तबकडी घालू, कॅसेटची फीत घालू, सीडी घालू. फोटो मी काढून आणतो. परीक्षण तुम्ही लिहायचं."

चाळीस वर्षांत मला अनेकांनी परीक्षण लिहायला सांगितलं, पण गाणाऱ्याने गळ्यात पडून सांगितलेलं असायचं. इथे गाणारा मध्ये नव्हताच. मी भुललो.

आता हे यंत्र काय असतं ते थोडक्यात सांगतो. मला ते तीन वेळा विस्ताराने सांगण्यात आलेलं आहे. आपला साधा सूक्ष्मदर्शक उजेडाने पाहतो. पण उजेडाची लाटच मुळी एका मर्यादेखाली बारीक होत नाही, त्यामुळे त्याहून बारीक वस्तू त्याला दिसत नाही. घमेल्याने राईचा एकेक दाणा उचलता येत नाही, तसं. म्हणून बर्लिनमध्ये नोल आणि रुस्का या दोघांनी १९३१ मध्ये उजेडाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरला. त्याबद्दल रुस्कांना नोबेल पारितोषिक मिळालं १९८६ मध्ये. पंचावन्न वर्षांनी! आमच्या कचेरीतली पेन्शनची फाईल याहून लवकर हलत असे, हे मला प्रथमच कळलं.

या यंत्राच्या तीन अटी असतात. पहिली, वस्तू लहान हवी. अख्खी तबकडी आत जात नाही, तुकडा लागतो. दुसरी, आत हवा नको, पूर्ण पोकळी हवी. तिसरी अट ऐकून मात्र आमच्या घरात खळबळ माजली. तबकडीतून वीज वाहत नाही, त्यामुळे इलेक्ट्रॉन तिच्यावर साचून राहतात आणि चित्र पांढरं फटक पडतं. म्हणून तुकड्याला आधी सोन्याचा मुलामा द्यावा लागतो.

"सोन्याचा?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "माझ्या पाटल्या झिजल्यात त्या दिसत नाहीत कुणाला! तबकडीला सोनं!"

मुलामा केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो, असं प्राध्यापकांनी नम्रपणे सांगितलं. "मग पाटल्यांचंही तेवढंच झिजलंय," असं मी म्हणायला नको होतं.

एकूण विचार करा. गाणं पाहायचं तर आधी ते फोडायचं, मग त्याला सोन्याने मढवायचं आणि शेवटी जिथे आवाजच चालू शकत नाही अशा पोकळीत ठेवायचं. आपल्याकडे मोठ्या कलावंतांच्या बाबतीत साधारण हाच क्रम असतो.

*

फोडायची मला गरज पडली नाही. माझ्याकडे एक फुटकी तबकडी होती. ती कशी फुटली हे मी साठ वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो.

आमचे वडील पोस्टात होते. पगार बेताचा, पण घरात चावीचा ग्रामोफोन होता आणि मोजून अकरा तबकड्या होत्या. सगळ्या ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या. त्यांतली एक वडिलांची विशेष लाडकी. तिच्यावरचं गाणारणीचं नाव वडिलांच्या अंगठ्याने पुसून गेलं होतं. लेबलावर भोंग्यापुढे कान देऊन बसलेला कुत्रा तेवढा शाबूत होता. पोलादी सुई दर बाजूला बदलावी असा शास्त्रार्थ आहे. त्या तबकडीत दगडाची पूड मुद्दाम घातलेली असते, ती सुईलाच घासून खोबणीच्या मापाची करते आणि ती सुई मग बोथट होते. आमच्याकडे एक सुई आठवडाभर चाले. वडील काटकसरी होते. तबकडीतून गाणं कमी आणि भजी तळल्याचा आवाज जास्त यायचा, तरी ते डोळे मिटून ऐकत.

१९६५ च्या मे महिन्यात, म्हणजे माझ्या पहिल्या साडेसातीत, बाजेवर ठेवलेल्या या तबकडीवर मी बसलो. कडेचा एक तुकडा, चांगला तीन बोटं रुंद, कटकन् सुटला. मी दोन्ही भाग कागदी पाकिटात घातले, पाकीट अकरा तबकड्यांच्या तळाशी सरकवलं आणि अंगणात जाऊन अत्यंत मोठ्याने अभ्यास करू लागलो. वडिलांनी ती तबकडी पुढे कधी माझ्यासमोर काढली नाही. मला वाटलं, विसरले. १९८८ मध्ये ते गेले. तबकड्या माझ्याकडे आल्या. दहा मी अधूनमधून पुसत असे. अकराव्या पाकिटाला हात लावला नव्हता.

प्राध्यापकांसाठी मी ते पाकीट काढलं तेव्हा बायको म्हणाली, "कुठली देताय? ती टकटकी का?"

आमच्या घरात माझ्या सर्व जुन्या वस्तूंना अशीच टोपणनावं आहेत. मी लक्ष दिलं नाही.

*

पंधरा दिवसांनी फोटो तयार झाले आणि त्याच शनिवारी बायकोने शिंगणापूरचा बेत ठरवला. माझी रास मीन. २०२३ पासून माझी तिसरी साडेसाती चालू आहे. पहिली शाळेत, दुसरी नोकरीत, तिसरी सेवानिवृत्तीत. शनी साधारण साडेएकोणतीस वर्षांत एक फेरा पुरा करतो. बारा राशी म्हटल्या की एकेकीत अडीच वर्षं, आणि तीन राशींची मिळून साडेसाती. त्याचं नावच मुळी शनैश्चर, हळू चालणारा. ग्रहांमधली ही एलपीच म्हणायची. २०१६ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या वादानंतर शिंगणापूरचा चौथरा बायकांनाही खुला झाला, तेव्हापासून आमच्या घरातलं साडेसातीचं खातं बायकोकडे आहे.

नगरहून पस्तीस किलोमीटर. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेची खोबणी जुनी आहे.) घोडेगावपासून आत वळलं की दोन्ही बाजूंना ऊस आणि रसवंत्या. एका रसवंतीत बायको प्रसादाच्या सामानाची चौकशी करायला उतरली आणि प्राध्यापकांनी बाकड्यावर फोटो मांडले.

परीक्षणाला सुरुवात करतो.

पहिलं चित्र एलपीचं. साधारण केसाहूनही अरुंद अशी खोबण यंत्राने एवढी मोठी केली होती की दरी वाटावी. गुळगुळीत, लोण्यासारखे उतार आणि दोन्ही उतारांवर लाटा. १९५८ पासून बाजारात आलेल्या स्टिरिओ तबकडीत डावी भिंत एका कानासाठी आणि उजवी दुसऱ्या कानासाठी असते. एकाच खोबणीत दोन भिंती वेगवेगळं काहीतरी सांगताहेत आणि मधून जाणाऱ्या सुईने दोन्ही एकाच वेळी ऐकून तोल सांभाळायचा. हे चित्र कुठल्याही विवाहित पुरुषाला आईबायकोच्या मधलं म्हणून चटकन कळेल. जिथे स्वर खर्जातला तिथे लाट लांब आणि ऐसपैस, जिथे तार सप्तक तिथे बारीक बारीक चुण्या. आवाज मोठा तिथे झोल मोठा. म्हणजे तान खरोखरच दिसते! समीक्षक इतकी वर्षं "दाणेदार तान", "वळणदार मींड" असं लिहून मजकुराचे पैसे घेत आले. त्यांतली वळणं तरी खरी निघाली. दाणे मात्र तानेचे नव्हते, धुळीचे होते. एकेक कण डोंगराएवढा.

रसवंतीवाल्याने ग्लास ठेवता ठेवता फोटोकडे पाहिलं.

"बाबा, हे कुठलं रान हाय?"

"रान नाही, गाणं आहे," प्राध्यापक म्हणाले.

"सरी वाकडी पडलीय. बैल बुजला असंल."

उसाच्या सऱ्या पाडण्यात जन्म गेलेल्या माणसाने केलेलं हे एका ओळीचं परीक्षण. मी माझ्या चाळीस वर्षांच्या कात्रणांमध्ये इतकं नेमकं वाक्य शोधलं. सापडलं नाही. सरळ सरी म्हणजे शांतता. गाणं म्हणजे बैल बुजणं. यात आणखी काय सांगायचं राहिलं?

दुसरं चित्र कॅसेटच्या फितीचं. याविषयी माझ्या मनात कुतूहल होतं, कारण शिंगणापूर सगळ्या देशाला माहीत झालं त्यात कॅसेटचा वाटा मोठा. १९८० नंतर स्वस्त कॅसेट गावोगाव पोचली, गुलशन कुमारांच्या टी-सीरिजने भक्तिगीतांचा पूर आणला आणि नव्वदच्या दशकात त्यांनीच शनिदेवावर चित्रपटही काढला. एके काळी देवळाच्या वाटेवर दर चार पावलांवर एक कॅसेटवाला असे आणि एका आरतीच्या तालावर दुसरी आरती ऐकत भाविक पुढे सरके.

तर त्या फितीवर काय दिसलं? काड्या. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान अशा सुईसारख्या काड्यांचा ढीग, बऱ्याचशा एकाच दिशेला निजलेल्या. कडब्याची गंजी वरून पाहावी तशी. हा लोहाचा ऑक्साइड. सरळ मराठीत गंज. शनीचा धातू लोखंड, हे कुठल्याही पंचांगात सापडेल. म्हणजे शनीची आरती लोखंडावरच उतरवलेली होती, आणि तेही गंजलेल्या!

पण परीक्षक म्हणून मला इथे एक गंभीर दोष नोंदवला पाहिजे. गाणं कुठे आहे? ते त्या काड्यांच्या चुंबकत्वात आहे आणि चुंबकत्व या फोटोत उमटत नाही. प्राध्यापकांनी शेजारी कोऱ्या फितीचा फोटो ठेवला. दोन्ही अगदी सारखे. आरती भरलेली फीत आणि रिकामी फीत यांत यंत्राला काडीचा फरक दिसत नाही. अशी माणसं आपण पाहतो. दिसायला भरगच्च, आत काही भरलंय की नाही ते वाजवल्याशिवाय कळत नाही.

तिसरं चित्र सीडीचं. आडव्या ओळींत लहानमोठ्या खड्ड्यांच्या रांगा, अत्यंत शिस्तीत. खड्ड्याची रुंदी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी. ही ओळ उलगडून सरळ केली तर पाच किलोमीटरहून जास्त भरेल. यापुढे आमच्या गल्लीतले खड्डे अगदीच बेशिस्त. इथे सगळं दिसतं, पण काही कळत नाही. ते खड्डे म्हणजे आकडे. भीमपलास आणि भूकंपाचा अहवाल दोन्ही सारखेच दिसणार. सीडी म्हणजे सरकारी गॅझेट. छपाई स्वच्छ, मजकूर अगम्य.

म्हणजे तीन वस्तूंचा निकाल असा लागला. फितीत सामान दिसतं, गाणं दिसत नाही. सीडीत गाण्याचा हिशेब दिसतो, गाणं दिसत नाही. फक्त तबकडीत गाणं जसंच्या तसं, उघड्यावर पडलेलं दिसतं. वाचायला ना मोटर लागते ना वीज. कागदाचा शंकू करून त्याच्या टोकाला टाचणी टोचा आणि फिरत्या जुन्या तबकडीवर धरा. ती बोलते. तबकडी मात्र खराब होते, म्हणून वडीलधारे घरात नसताना हा प्रयोग करावा.

*

गाडी पुढे निघाली आणि शिंगणापूर आलं.

या गावाविषयी सगळ्यांना एक गोष्ट माहीत असते. घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत. चौकट आहे, आत संसार आहे, मध्ये फार तर एखादा पडदा किंवा कुत्र्यामांजरांसाठी टेकवलेली फळी. २०११ मध्ये युको बँकेने इथे बिनकुलपाची शाखा उघडली. चोरी केली तर शनिदेव पाहून घेईल, अशी श्रद्धा. अलीकडे काही ठिकाणी दारं दिसू लागली आहेत आणि चोरीच्या बातम्याही अधूनमधून येतात. तरी दार नसलेल्या चौकटीसमोरून जाताना आपली पावलं आपोआप जपून पडतात.

मला त्या क्षणी सुचलं ते मी प्राध्यापकांना बोलून दाखवलं. तबकडी म्हणजे शिंगणापूरचं घर. कुलूप नाही, किल्ली नाही, ज्याच्या हातात सुई आहे त्याने आत यावं. कॅसेटला दार आहे. सीडीला दार, कडी, कुलूप आणि वर पहारेकरी.

"म्हणूनच व्हॉयेजरवर तबकडी पाठवली," प्राध्यापक म्हणाले.

१९७७ मध्ये अमेरिकेने दोन व्हॉयेजर यानं सोडली. प्रत्येकावर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तबकडी. कोणी परका जीव भेटलाच तर त्याने वाजवावी म्हणून सोबत सुई आणि ती कशी लावायची त्याची आकृती. वेग मिनिटाला सोळा पूर्णांक दोन तृतीयांश फेरे, एलपीच्या बरोबर निम्मा. पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत मराठीही आहे. आणि भारतातर्फे एकच गाणं आहे. सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी, साडेतीन मिनिटांची. रॉबर्ट ब्राऊन नावाच्या संगीतज्ञांनी ती सुचवली. तबकडी मिळता मिळेना, शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका दुकानात टेबलाखालच्या खोक्यात सापडली. पहिलं व्हॉयेजर उडालं ५ सप्टेंबरला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. गोव्यातल्या केरी गावची ही बाई मैफलीत कुणाची भीडमुर्वत ठेवत नसे. ती आता सूर्यमालेच्या बाहेर निघून गेली आहे आणि मागे वळून पाहत नाही, यात मला तिच्या स्वभावाशी विसंगत असं काहीच वाटत नाही.

ही भैरवी १२ नोव्हेंबर १९८० रोजी शनीच्या जवळून गेली. दुसऱ्या यानावरची ऑगस्ट १९८१ मध्ये. पहिल्या यानाने शनीच्या कड्यांचे फोटो पाठवले ते वर्तमानपत्रांत आले होते, तो दिवस मला लख्ख आठवतो. दूरवरून चार-दोन वाटणारी कडी हजारो बारीक कड्यांची निघाली. एकात एक, एकात एक. वडिलांनी पेपर चष्म्याजवळ नेला आणि म्हणाले, "अरे, ही तर तबकडी!"

मी पाहिलं. होतीच.

"ही मधली काळी फट कसली रे?"

"ती फट कॅसिनी नावाच्या माणसाने १६७५ मध्ये शोधली," मी घाईघाईने म्हणालो. तबकडी आणि फट हे दोन शब्द वडिलांच्या तोंडून एकत्र आले की माझी तेव्हाही छाती धडधडायची. वय वर्षं एकोणतीस, एका मुलाचा बाप होतो मी.

"असू दे," वडील म्हणाले. "फटीनं काय होतं? वाजायची ती वाजतेच."

मी विषय बदलला.

*

चौथऱ्यासमोर गर्दी होती. उघड्या आकाशाखाली ती साडेपाच फुटांहून उंच काळी शिळा. वर छप्पर नाही, देवालाच नको म्हणतात. अंगावरून तेल ओघळतंय, गळ्यात रुईच्या पानांची माळ. गावकरी सांगतात ती कथा अशी : पुरात ही शिळा वाहत आली, गुराख्याने टोकदार काठीने टोचली तर तिच्यातून रक्त आलं आणि रात्री देव स्वप्नात बोलला. काळ्या दगडाला टोक लागलं आणि तो बोलू लागला. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्या दिवशी खिशात ते फोटो असताना ऐकली, तेव्हा हात आपोआप जोडले गेले.

परत येताना प्राध्यापकांनी चौथं पाकीट काढलं. हे त्यांनी मुद्दाम मागे ठेवलं होतं.

"हा तुमच्या लाखेच्या तुकड्याचा. एक विचारायचं होतं. ही तबकडी तुम्ही फुटल्यावर वाजवलीत का?"

"छे! फुटकी तबकडी कोण वाजवणार?"

"बघा तर."

चित्र एलपीसारखं देखणं नव्हतं. खोबण दुप्पट-तिप्पट रुंद, जमीन खडकाळ, जागोजाग दगडाच्या पुडीचे कण वर आलेले. तळल्याचा आवाज तो हाच. एकेक कण म्हणजे एकेक भजं. भिंती झिजून बसलेल्या. तो आठवडाभर चालणाऱ्या सुईचा पराक्रम. एखाद्या देवळाच्या पायऱ्या झिजाव्यात तशा त्या झिजल्या होत्या आणि झिजवणाऱ्या पावलांत एकाच माणसाची पावलं होती. मी मान वळवणार तेवढ्यात प्राध्यापकांनी बोट ठेवलं.

"ही तुटलेली कड. प्रत्येक खोबण जिथे या कडेला येते तिथे टवका उडालाय. एकूण एक खोबणीत, एकाच दिशेनं. तुकड्याची दुसरी कड पाहा. स्वच्छ आहे. तुटताना टवके उडाले असते तर दोन्हीकडे, वेडेवाकडे उडाले असते. हे सुईनं उडवलेत. ती फटीवरून यायची आणि या उंचवट्यावर आपटायची. दर फेऱ्याला एकदा. आणि कडेवर हा जो थर दिसतोय ना, तो तबकडीचा नाही. कुणीतरी काहीतरी लावून तुकडा चिकटवला होता."

मी काही बोललो नाही. ७८ फेऱ्यांची तबकडी. मिनिटाला ७८ वेळा टक्.

"आवाज परत हवा असेल तर उपाय आहे," प्राध्यापक उत्साहाने सांगू लागले. "अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेत कार्ल हेबर आणि त्यांचे सहकारी खोबणीला सुई न लावता, नुसत्या उजेडानं तिचा नकाशा काढतात आणि संगणकावर वाजवतात. फुटक्या तबकड्यासुद्धा! २००८ मध्ये त्यांनी तर १८६० चं गाणं ऐकवलं. कागदावरच्या काजळीत ओरखडलेलं. ज्यानं उमटवलं त्यानंसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या तंत्रानं टकटक काढून टाकता येते, खरखर काढता येते..."

मला गाणारणीचा आवाज काय कुठेही मिळाला असता. काढून टाकायचं म्हणत होते तेच नेमकं मला हवं होतं.

*

घरी आलो तो पहिलं ते पाकीट काढलं. तबकडीचा मोठा भाग खिडकीशी नेऊन उजेडात धरला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मला दूरचं चांगलं दिसतं, जवळचं नाही. म्हणून हात लांब केला. तुटलेल्या कडेवर एक बारीक तांबूस रेघ होती. यंत्राच्या चित्रात ती दिसली नव्हती, कारण त्या यंत्राला रंग कळत नाहीत. सगळं काळंपांढरं. शिवाय वर सोनं.

बायको मागे येऊन उभी राहिली होती.

"पोस्टातली लाख आहे ती," ती म्हणाली.

"तुला काय ठाऊक?"

"मामंजी माझ्यासमोरच तर लावायचे. निघाली की पुन्हा वितळवून लावायचे. तुम्ही कचेरीत गेलात की दुपारी तीच तबकडी. टक्, टक्, टक्, टक्. टकटकी म्हणायचे आम्ही तिला. नवी नवरी होते मी, मला वाटलं गाण्याचा तालच तसा आहे."

"त्यांना माहीत होतं? मी फोडली ते?"

"पहिल्या दिवसापासून. म्हणायचे, पोरगा त्या दिवशी अंगणात एवढ्या मोठ्यानं भूगोल वाचत होता, तेव्हाच कळलं. मला बजावलं होतं, त्याला सांगू नकोस, आतल्या आत खात बसेल. त्याच्यासमोर लावत नाही मी ती."

"आणि तू मला सत्तेचाळीस वर्षांत एकदाही सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

वाचकहो, एका घरात एक माणूस तेवीस वर्षं समजत होता की आपलं दार बंद आहे. त्या घराला दारच नव्हतं. आतलं सगळ्यांना दिसत होतं, फक्त कुणी डोकावत नव्हतं. शिंगणापूरची माणसं ज्याला श्रद्धा म्हणतात, त्यात हा न डोकावण्याचा भाग बराच असावा. समीक्षकांना तो कधी जमलेला नाही.

प्राध्यापकांना परीक्षण अजून द्यायचं आहे. एलपीला मी चांगले गुण देणार आहे, फितीला काठावर पास करणार आहे, सीडीला हिशेबतपासनिसाकडे पाठवणार आहे. चौथ्या चित्राबद्दल मात्र माझं मत द्यायला मी पात्र नाही, असं लिहिणार आहे. परीक्षकाचे आरोपीशी घरगुती संबंध असू नयेत, असा नियम आहे.

तबकडी मी पुन्हा अकराव्या पाकिटात ठेवत होतो, तेवढ्यात बायको म्हणाली,

"तळाशी कशाला ढकलताय? वर ठेवा. आणि उरलेली तरी कुणाला सोनं लावायला देऊ नका. आज भाव काय झालाय, पाहिलात का?"